शस्त्रक्रियेचा रोबो : जुना बरा की नवा?

पिशवी काढायची ठरली की पूर्वी एवढंच विचारलं जायचं, पोट उघडून की दुर्बिणीतून? हल्ली मुंबई-पुण्याचे डॉक्टर तिसरंही विचारतात, "रोबोनं करायचं का?" रेवसहून मुंबईला दाखवायला गेलेल्या आमच्या शेजारणीपुढे तर त्यातही दोन भाव ठेवले : जुनं यंत्र महाग, नवं जरा स्वस्त. साडीचं दुकान असतं तर तिनं पदर उलटून पाहिला असता. इथे काय पाहायचं?

आधी एक भीती काढून टाकू या. रोबो आपल्या मनानं काही कापत नाही. डॉक्टर शेजारच्या खुर्चीत बसून हातानं जे करतात, तेच पोटातली बारीक हत्यारं करतात. ती मनगटासारखी वळतात, साध्या दुर्बिणीची हत्यारं तशी वळत नाहीत. टाके घालताना त्याचा फार उपयोग.

जुनं म्हणजे अमेरिकेचं दा विंची. त्याला तिथे २००० साली परवानगी मिळाली आणि आजवर जगभर एक कोटीहून अधिक शस्त्रक्रिया त्यावर झाल्या. त्याची हत्यारं ठराविक वेळा वापरली की बदलावीच लागतात, म्हणून बिल फुगतं. नव्यांपैकी व्हर्सियस इंग्लंडचं, तर मंत्रा आपल्याकडे गुरुग्रामला बनलेलं. दोन्हींचे हात सुटेसुटे असतात, आणि डॉक्टर डोकं आत न खुपसता उघड्या पडद्याकडे पाहून काम करतात.

अभिमानाची गोष्ट म्हणजे व्हर्सियसची माणसांवरची पहिली चाचणी २०१९ साली पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात झाली. पहिल्या ३० जणांत ९ पित्ताशयाच्या आणि ६ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया होत्या. एकीतही मध्येच पोट उघडावं लागलं नाही. तीस दिवसांत एकाला आणि नव्वद दिवसांत दोघांना पुन्हा दाखल व्हावं लागलं. निकाल चांगलाच, पण तीस म्हणजे आमच्या वर्गातली पोरंसुद्धा नव्हेत. दहा वर्षांनी काय, हे नवं यंत्र आज कसं सांगणार?

मग जुनं घ्यावं? थांबा. अमेरिकेत २०१३ साली २,६४,७५८ बायकांच्या नोंदी तपासल्या. कर्करोग नसताना गर्भाशय काढलेल्या या बायका. रोबोनं केलेल्यांत शेकडा ५.५ जणींना त्रास झाला, साध्या दुर्बिणीतून केलेल्यांत ५.३. खर्च मात्र रोबोचा दोन हजार डॉलरच्या वर जास्त! तेव्हा साध्या पिशवीसाठी जुना की नवा या वादाआधी रोबो हवाच का, हे विचारावं असं मला वाटतं. दागिने मोडून तर मुळीच नको.

आणि कर्करोग असेल तर जास्तच जपून. २०१८ साली गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगावर ६३१ बायकांची चाचणी प्रसिद्ध झाली. पोट उघडून केलेल्यांपैकी साडेचार वर्षांनी शेकडा ९६.५ जणी रोगमुक्त होत्या. दुर्बिणीतून वा रोबोनं केलेल्यांत ८६. छोटी जखम, लवकर घरी, हे ऐकायला गोड. पण त्या बायकांना ते महागात पडलं. पुढल्याच वर्षी अमेरिकेच्या औषध खात्यानं बायकांच्या कर्करोगासाठी रोबो वापरण्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली.

डॉक्टरांना विचारायला संकोच कसला? याच यंत्रावर, याच शस्त्रक्रिया आपण स्वतः किती केल्या? यंत्र मध्येच अडलं तर दुर्बिणीनं पुरं करणार की पोट उघडून? हत्यारांचे पैसे सांगितलेल्या आकड्यात धरलेत का? नव्या यंत्राबाबत तर पहिला प्रश्न दोनदा विचारा. उत्तराला चिडणारा डॉक्टर असला, तर दुसऱ्याचं मत घ्यायला मोकळ्या.

आपण खाडीपलीकडच्या, म्हणून आणखी एक. घरी आल्यावर रात्री ताप भरला, रक्त जाऊ लागलं, तर अलिबागला कुणाकडे जायचं आणि मुंबईला कुठल्या नंबरावर फोन करायचा, हे निघतानाच कागदावर वाचता येईल अशा अक्षरात लिहून घ्या. सोबत काय केलं, कुठल्या यंत्रानं केलं, तेही.