सत्त्व मोरीत जाऊ देऊ नका

गोष्ट माझ्याच घरातली आहे.

पस्तीस वर्षं मी शाळेत मुलांना सकस आहार शिकवला. फळ्यावर तक्ते काढले. पण माझ्या स्वतःच्या घरात काय शिजतं, कसं शिजतं, ते मी कधी बघितलं नव्हतं.

आमच्या सुनेला पाचवा महिना होता. पाण्याची कळशी उचलली की तिला धाप लागे. उभ्या उभ्या चक्कर येई. ओठ आणि नखं पांढुरकी पडली होती. तिला घेऊन मी तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, हिमोग्लोबिन ८ आहे. गरोदर बाईचं निदान ११ तरी पाहिजे. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं, तर हिला झेपायचं नाही."

माझ्या पोटात गोळा आला. मी म्हणालो, "बाई, घरात खायला काही कमी नाही. परसात मेथी आहे, तांदुळजा आहे, शेवगा आहे. डाळ शेतातली आहे."

त्या म्हणाल्या, "घरात काय आहे, ते कळलं. तिच्या पोटात काय जातं, ते एकदा बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसलो. सून म्हणाली, "मामंजी, चहा टाकू का?" मी म्हटलं, "नको बाई. तू तुझं काम कर. मी नुसता बघतो."

मग मी काय पाहिलं?

तिनं मेथी बारीक चिरली आणि मग तीन पाण्यांनी धुतली. हिरवंगार पाणी मोरीत गेलं. तांदुळजा उकडला आणि पिळला. तेही पाणी मोरीत गेलं. डाळ लवकर शिजावी म्हणून तीत चिमूटभर सोडा टाकला. भात वेळला आणि पेज ओतून दिली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर, दुपारी दोनच्या पुढं, ती स्वतः जेवायला बसली. तेव्हा भाजी संपली होती. तिच्या ताटात भाकरी आणि चटणी. वर कपभर चहा.

यात तिचा काही दोष नव्हता. असंच करायचं असतं, हे तिला आमच्याच घरानं शिकवलं होतं. आणि जेवण झाल्याबरोबर चहा मागायची खोड तर माझीच.

पाण्याबरोबर काय जातं?

मीठ पाण्यात विरघळतं, हे आपण जाणतो. तशीच 'ब' आणि 'क' ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. काही क्षारही पाण्यात उतरतात. भाजी चिरून धुतली, की कापलेल्या जागेतून हे सत्त्व बाहेर पडतं. उकडून पाणी टाकलं, तर आणखी जातं. 'क' जीवनसत्त्व तर नाजूक. ते उष्णतेनं आणि उघड्यावर राहूनही नाश पावतं.

म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी. फार बारीक चिरू नये. चिरून तासन्‌तास ठेवू नये. पालेभाजी झाकण ठेवून तिच्याच अंगच्या पाण्यात शिजवावी. पाणी घातलंच, तर ते आमटीत किंवा पिठात जिरवावं.

हे काही नवीन शास्त्र नव्हे. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी आपण फेकतो का? नाही. त्या पाण्याला आपण कट म्हणतो आणि त्याची झणझणीत आमटी करतो. मग सणाच्या दिवशीचं शहाणपण रोज का नको?

मात्र एक ध्यानात ठेवा. काही रानभाज्या कडू असतात, काही घशाला खाजतात. ज्यांचं पाणी टाकायची जुनी रीत आहे, त्यांचं ते टाकावंच.

डाळीत सोडा घालू नये. सोड्यानं डाळीतलं 'ब-१' जीवनसत्त्व मरतं. त्यापेक्षा डाळ घटकाभर आधी भिजत घालावी. कडधान्य रात्रभर भिजवावं. ते मऊ शिजतं आणि सरपणही वाचतं. घरी कुकर असेल, तर उत्तमच.

पांढऱ्याशुभ्र तांदळाची गोष्ट

जावा नावाचं एक बेट आहे. तिथं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेरीबेरी नावाचा रोग फार होता. माणसाचे पाय लुळे पडत, हृदय थकत असे. आइकमान नावाचे एक डच डॉक्टर तिथं काम करीत. १८९० च्या सुमारास त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कोंबड्यांना पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खायला घातला, की त्यांचे पाय लुळे पडत. कोंड्यासकट तांदूळ दिला, की त्या पुन्हा धडधाकट होत. पुढं उलगडा झाला. रोग टाळणारं सत्त्व तांदळाच्या वरच्या कोंड्यात होतं. गिरणीत पॉलिश करताना तेच काढून टाकलं जाई. या शोधाबद्दल आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या देशातही १९१८ साली दक्षिणेत कुन्नूर इथं याच रोगाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी ती केली. तीच संस्था वाढत गेली आणि १९५८ साली हैदराबादला आली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

तेव्हा हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा तांदूळ चांगला. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात. भात सालीसकट उकडला, की सालीजवळचं सत्त्व दाण्याच्या आत शिरतं. मग तो सडला तरी बरंचसं आत राहतं. भात वेळायचाच असेल, तर पेज फेकू नये. चिमूटभर मीठ घालून प्यावी. आणि नाचणी, ज्वारी, बाजरी यांना गरिबाचं अन्न म्हणून हिणवू नये. २०२३ हे वर्ष साऱ्या जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं.

मोड आणि आंबवण

धान्यात आणि कडधान्यात एक द्रव्य असतं. ते लोह घट्ट धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. दाणा भिजवला, त्याला मोड आणला, किंवा पीठ आंबवलं, की ही पकड ढिली होते. मोड आल्यावर 'क' जीवनसत्त्वही वाढतं. आपल्या मटकीची उसळ, हुलग्याची उसळ आणि आंबील हे सगळं किती मोलाचं आहे, पाहा. मोड वाफवून खावेत. कच्च्या मोडात जंतू असू शकतात.

भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ हवीच. धान्याच्या प्रथिनात जे कमी असतं, ते डाळीत असतं. डाळीत जे कमी, ते धान्यात. दोघं मिळून काम पुरं करतात.

लिंबू मित्र, चहा वैरी

पालेभाजीत आणि कडधान्यात लोह असतं. पण ते अंगात सहज शोषलं जात नाही. जेवताना लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा खाल्ला, तर ते जास्त शोषलं जातं. लिंबू पदार्थ शिजल्यावर पिळावं. उकळत्या आमटीत पिळू नये.

चहा याच्या उलट करतो. चहातला तुरटपणा लोह अडवतो. म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये.

भाजी लोखंडी कढईत करावी. थोडं लोह भाजीत उतरतं. आंबट पदार्थ मात्र कढईत तसाच ठेवू नये, काढून घ्यावा.

भाजीला थोडं तेल हवंच. पालेभाजी, गाजर, भोपळा यांतून 'अ' जीवनसत्त्व मिळतं. ते तेला-तुपाबरोबरच अंगी लागतं. ते फार कमी पडलं, तर रातांधळेपणा येतो. पण तळणीचं तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. मीठही बेतानं खावं. मोठ्या माणसाला दिवसभरात सपाट चहाचा चमचाभर मीठ पुरे. पापड-लोणच्यातलं मीठही त्यातच धरावं. बुरशी लागलेले शेंगदाणे खाऊ नयेत. त्या विषानं यकृत बिघडतं.

गोळीही हवी

आता नीट ऐका. अंगात रक्त फार कमी असेल, तर नुसत्या अन्नानं ते वेळेत भरून येत नाही. आरोग्य केंद्रात गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या रोज घ्याव्यात. चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नयेत. शौचास काळी होते, त्याला घाबरू नये.

आमच्या सुनेनं गोळ्या घेतल्या. आम्ही स्वयंपाकाची रीत बदलली. मी जेवणानंतरचा चहा सोडला. पहिले आठ दिवस डोकं दुखलं, मग सवय झाली. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आम्ही पंगत बदलली. आता सगळे एकदम बसतात. भाजी आधी सर्वांच्या ताटात वाढली जाते. सुरुवातीला आमच्या घरची म्हणाली, "पुरुषांच्या आधी सुनेनं कसं वाढून घ्यायचं?" मी म्हटलं, "तिच्या ताटात दोघं जेवताहेत. तिचं ताट आधी."

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. साडेदहा भरलं. बाळंतपण दवाखान्यात झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली.

देशात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी ५७ बायांच्या अंगात रक्त कमी आहे. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत हे दिसून आलं. म्हणजे प्रत्येक आळीत अशी कुणाची तरी सून, कुणाची तरी लेक आहे. आपल्या घरात ती कोण, हे आज संध्याकाळी जेवताना बघा.

ध्यानात ठेवा

१. भाजी आधी धुवा, मग चिरा.
२. शिजलेलं पाणी फेकू नका.
३. डाळीत सोडा नको. आधी भिजवा.
४. कडधान्याला मोड आणा.
५. जेवताना लिंबू घ्या. चहा तासभरानं.
६. लोखंडी कढई वापरा.
७. घरातली बाई सर्वांबरोबर जेवली पाहिजे.

सांगा पाहू

१. पुरणाच्या डाळीच्या पाण्याला काय म्हणतात?
२. कोंबड्यांचे पाय कशामुळे लुळे पडले?
३. तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवतं? तिच्या ताटात काय उरतं?