समुद्राचा रंग वाचणारे शास्त्र

‘उपग्रह मासळी दाखवतो’ असे आपण सर्रास म्हणतो. पण उपग्रहाला मासा दिसत नाही. सातशे किलोमीटर उंचीवरून त्याला दिसतो तो पाण्याचा रंग. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. रंगावरून खूण ओळखणे हे मला आपले वाटते. आमच्या कोकणातले कोळी, गाबीत, दालदी मुसलमान पाण्याचा रंग आणि पाखरांची झेप पाहूनच जाळे टाकत आले. त्याच रंगाचे मोजमाप करण्यात एका भारतीय विदुषीने आपली सारी कारकीर्द घातली. त्यांचे नाव डॉ. शुभा सत्येंद्रनाथ.

रंगात एवढे काय असते? समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात. त्यांच्यातले हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते. म्हणून प्लवक विरळ तिथे समुद्र निळा, दाट तिथे हिरवट. निळ्या-हिरव्याचे प्रमाण मोजले, की समुद्राच्या कुरणात चारा किती याचा अंदाज येतो. अमेरिकेच्या निंबस-७ उपग्रहाने १९७८ मध्ये हे काम सुरू केले. भारताचा ओशनसॅट-१ १९९९ मध्ये आणि ओशनसॅट-३ २०२२ मध्ये अवकाशात गेला.

किनाऱ्यालगत मात्र गाळही पाण्याला रंग देतो. चारा कोणता आणि गाळ कोणता, हा गुंता सोडवण्याचे काम सत्येंद्रनाथ यांनी १९८१ मध्येच फ्रान्समधील संशोधनात हाती घेतले होते. पुढे कॅनडात ट्रेव्हर प्लॅट यांच्याबरोबर आणि नंतर इंग्लंडमधील प्लिमथ येथे त्यांनी काम केले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांसह १९९१ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की अरबी समुद्राच्या वरच्या पाण्याचे तापमान ठरवण्यातही या प्लवकांचा हात असतो.

यात मच्छीमाराच्या पदरात काय पडते? नॉर्वेच्या योहान ह्योर्ट यांनी १९१४ मध्ये एक प्रश्न मांडला होता. मासे दरवर्षी अगणित अंडी घालतात. मग एखाद्या वर्षीच पिलांचे अमाप पीक का येते? अंड्यातून निघालेल्या पिलांना वेळेवर पहिला घास मिळतो की नाही, यावर ते ठरत असावे, असा त्यांचा तर्क होता. पण एवढा समुद्र जहाजातून रोज कोण पाहणार? उपग्रहाने ते शक्य केले. प्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्यावरच्या हॅडॉक माशाचा हिशेब मांडला. १९८१ आणि १९९९ या वर्षी पिले विलक्षण संख्येने जगली होती. त्या दोन्ही वर्षी वसंतातला प्लवकांचा बहर लवकर आला होता.

आपल्याकडेही हाच प्रश्न आहे. तारली-बांगडा एखाद्या वर्षी ढिगाने मिळतो, एखाद्या वर्षी जाळे कोरडे येते. मग पारंपरिक मच्छीमार ट्रॉलरला बोल लावतो, ट्रॉलरवाला हवामानाला. निसर्गाचा वाटा किती हे मोजता आले, तर उरलेला वाटा आपल्या हावरेपणाचा, हे नाकारता येणार नाही.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाण्याचा रंग आणि तापमान पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवते. मच्छीमाराचे डिझेल वाचते, वेळ वाचतो. पण मासा कुठे आहे हे सांगणारी विद्या, किती मासा समुद्रात ठेवायचा हे ठरवायलाही वापरली पाहिजे. नाहीतर ती फक्त जाळ्याची चाकरी करील.

या विद्येलाही मर्यादा आहे. पावसाळ्यात आपला समुद्र प्लवकांनी समृद्ध होतो, आणि नेमके तेव्हाच ढग उपग्रहाची नजर अडवतात. तेव्हा होडीतूनच पाण्याचे नमुने आणावे लागतात. आकाशातल्या डोळ्याला समुद्रावरच्या माणसाची गरज आजही संपलेली नाही.