हजेरीपटावर नसलेले कामकरी

मजुरांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड जडलेली असते. कोठेही काम चाललेले दिसले की तो तीन प्रश्न विचारतो. हे काम कोण करतो? त्याला काय मिळते? आणि तो उद्या आला नाही तर काय होईल? आज हेच तीन प्रश्न आम्ही आपल्या जिल्ह्याच्या कापसाच्या शेतात आणि शेजारच्या जंगलात विचारणार आहोत. तेथे असे असंख्य कामकरी आहेत की ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही आणि ज्यांना कोणी छदामही देत नाही. ते कामावर येईनासे झाले म्हणजे मात्र त्यांची जागा आपल्यातल्या सर्वांत गरीब माणसाला स्वतःच्या देहाने भरून काढावी लागते.

या कामाला शास्त्रज्ञांनी ‘परिसंस्थेच्या सेवा’ असे नाव दिले आहे. शब्द जड वाटला तरी अर्थ सोपा आहे. परिसंस्था म्हणजे एखाद्या जागेतील माती, पाणी, झाडे, पशुपक्षी आणि किडे यांचा एकमेकांच्या आधाराने चाललेला संसार. आणि त्या संसारातून माणसाच्या पदरात जे पडते ती सेवा. २००१ ते २००५ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने ९५ देशांतील तेराशेहून अधिक तज्ज्ञांनी या सेवांचा जगभरचा हिशेब मांडला आणि त्यांचे चार गट पाडले.

पहिला गट पुरवठ्याचा. सागवान, बांबू, चारा, पाणी हे त्यात आले. उन्हाळ्यात शेतात काम नसते तेव्हा मोहफुले वेचून आणि तेंदूपाने तोडून कोलाम, गोंड व इतर गरीब घरांच्या चुली पेटतात, त्या याच गटाच्या जोरावर. दुसरा गट नियमनाचा, म्हणजे आवर घालण्याचा. पावसाचे पाणी अडवून मुरवणे, मातीची धूप रोखणे, एका किडीकरवी दुसरीला आवरणे, मधमाश्यांकरवी फुलांची फळे करणे ही ती कामे. तिसरा गट संस्कृतीचा: देवराई, सण, मनाचा विसावा. चौथा गट आधाराचा: पाने कुजून माती होणे, मातीत कस येणे. हा चौथा ढासळला तर पहिले तिन्ही उभे राहत नाहीत.

तज्ज्ञांनी तपासलेल्या २४ सेवांपैकी १५ सेवा खालावत चालल्या होत्या. गंमत अशी की पिके, पशुधन आणि मत्स्यशेती यांचे उत्पन्न त्याच काळात वाढत होते. म्हणजे गिरणीतून माल जास्त निघतो म्हणून मालक खूश, आणि आत यंत्राचे दाते झिजून चाललेले! पुढे २०१९ साली अशाच दुसऱ्या जागतिक पाहणीत निसर्गाच्या देण्यांचे १८ प्रकार तपासले गेले. गेल्या पन्नास वर्षांत त्यांपैकी १४ घसरलेले आढळले.

हे सारे दूरदेशीचे आहे असे कोणी समजू नये. निळोणा आणि चापडोह या धरणांनी यवतमाळ शहराची तहान वर्षानुवर्षे भागवली. २०१८ च्या उन्हाळ्यात पाणी आटले, तेव्हा टँकरभोवती रात्री काढलेली माणसे आज या सभेत असतील. पाऊस कमी पडला हे खरेच. पण जो पडतो तो मुरतो की वाहून जातो, हे टेकडीवरचे झाड आणि झाडाखालचा पालापाचोळा ठरवतो. तो पाचोळा हा आपल्या नळयोजनेचा न नेमलेला कामगार होय.

आता कापसाच्या शेताकडे वळू. कपाशीवर मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि बोंडअळ्या येतात हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांना खाणारेही त्याच पिकावर राबत असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ठिपक्यांचा ढालकिडा आणि त्याची अळी मावा फस्त करतात. क्रायसोपाची अळी तेच करते. ट्रायकोग्रामा नावाची माशी डोळ्यांना धड दिसतही नाही. ती बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते, आणि अंड्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर पडते. शिवाय कोळी आहेत, बांधावरच्या झाडावरून उतरणारे पक्षी आहेत. हंगामाच्या सुरुवातीलाच सरसकट मारणारे विष फवारले की हे सारे मित्र आधी मरतात. शत्रूची वीण भराभर वाढते, आणि आवरणारा कोणी उरलेला नसतो. मग दुसरी फवारणी, मग तिसरी. दारू सोडवायला दारूच पाजावी, तसा हा प्रकार.

मध्यंतरी विज्ञानाने एक साह्य दिले होते. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. त्या झाडातच बोंडअळीला मारणारे द्रव्य होते, आणि पहिली काही वर्षे बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. परंतु त्याबरोबर एक अट होती. कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या, म्हणजे तेथे वाढलेले, विषाला न सरावलेले पतंग इतरांशी संग करतील आणि सरावलेल्यांची वेगळी जात तयार होणार नाही. त्या ओळी फारशा कोणी लावल्या नाहीत. दोन-चार एकरांच्या धन्याला प्रत्येक तास मोलाचे असते. त्याला दोष देणे सोपे आहे. त्यात फरदड घेण्याची चाल वाढली. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. हिवाळ्याअखेर रान मोकळे झाले की ती उपाशी पडायची. उन्हाळाभर उभ्या फरदडीने तिला घर आणि जेवण दोन्ही दिले. अखेर ती बीटीला पुरून उरली आणि २०१७ साली राज्यभर बोंडे पोखरली गेली.

त्याच २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत आपल्या जिल्ह्यात जे घडले ते विसरता येणार नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो माणसे दवाखान्यात पडली. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी, दाट झालेली. हवा दमट. तोंडाला फार तर एक रुमाल. दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, आणि पंप असे की तुषार धुक्यासारखा अंगावरच परत यावा. ढालकिडा आणि ट्रायकोग्रामा जे काम फुकट आणि बिनधोक करीत होते, त्याचा मोठा वाटा माणसाच्या फुप्फुसावर येऊन पडला होता.

येथे आम्हांला आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. त्या वर्षापर्यंत आमच्या मागणीपत्रकात ‘फवारणीचा दर पंपामागे वाढवून मिळावा’ हे कलम न चुकता असे. ‘फवारणी कमी व्हावी’ असे कलम आम्ही कधी घातले नाही. जितके पंप अधिक तितकी मजुरी अधिक, एवढेच गणित आम्ही मांडले. मित्रकिडींचा प्रश्न आम्हांला बागायतदारांच्या चर्चेचा विषय वाटे. तो आमच्याच माणसांच्या जिवाचा प्रश्न होता, हे आम्हांला दवाखान्याच्या व्हरांड्यात उमगले.

उपाय अवघड नाहीत. एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली दिसली, तरच औषधाचा विचार करावा. त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी, हे घरचे साधन आहे. बांधावरची झाडे राखावीत, पक्ष्यांना बसायला थांबे उभारावेत, आणि फरदड न घेता वेळेवर रान मोकळे करावे. यात मजुराचे काम बुडत नाही. सापळे पाहणे, बोंडे मोजणे, निंबोळ्या वेचणे हेही कामच आहे. ते मजुरीने करून घ्यावे, अशी आमची आता मागणी आहे.

कोणी म्हणेल, या सेवांची किंमत रुपयांत ठरवा म्हणजे सरकारला समजेल. तसे प्रयत्न झाले आहेत. १९९७ साली काही शास्त्रज्ञांनी साऱ्या पृथ्वीच्या सेवांची किंमत वर्षाला सुमारे ३३ लाख कोटी डॉलर धरली. त्या वेळच्या जगाच्या एकूण उत्पन्नाहून ती जास्त होती. आकडा डोळे उघडायला ठीक आहे. पण संघटनेच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो. वस्तूची किंमत ठरली म्हणजे ती राबणाऱ्याच्याच हातात पडते असे नाही. त्यासाठी हक्क लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली त्या गावाने आपला बांबू आपल्याच परवान्यावर विकला. कोणता बांबू तोडायचा आणि कोणता राखायचा, हे ग्रामसभा ठरवू लागली. ज्याचे पोट जंगलावर आहे त्याच्याच हाती कुऱ्हाड आणि कुलूप दोन्ही दिली, तर तो दोन्ही जपून वापरतो.

तात्पर्य एवढेच. निसर्गाचे काम थांबले तरी कामाची गरज थांबत नाही. ते काम दुसऱ्या कोणावर तरी जाऊन पडते. श्रीमंत टँकर मागवतो, औषधाची बाटली विकत घेतो; पाठीवर पंप मात्र मजूरच घेतो. म्हणून झाड, पाचोळा आणि ढालकिडा यांची बाजू घेणे ही निवांत माणसांची हौस नव्हे, तो श्रमिकांच्या लढ्यातलाच एक भाग आहे. उद्या सकाळी शेतावर जाल तेव्हा कपाशीचे एखादे पान उलटून पाहा. तेथे कोणी राबत असेल, तर निदान त्याची हजेरी तरी मांडा.