तलाव एक, बांध्या अनेक

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात मामा तलाव म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव मात्र राहिले. अशा एका तलावाच्या पाण्यावर अनेकांच्या धानाच्या बांध्या भिजतात. मुक्त सॉफ्टवेअरचा संसार बराचसा असाच चालतो.

कोणताही प्रोग्राम सगळी कामे स्वतः करीत नाही. 'तऱ्हा' या शब्दातील अर्धा र लिब्रेऑफिसमध्ये जागच्या जागी बसतो, तो 'हार्फबझ' नावाच्या तयार संचामुळे. अशा संचाला लायब्ररी म्हणतात. ती प्रत्येक प्रोग्रामने आपल्या पोटात बाळगावी, की संगणकात एकच प्रत ठेवून सर्वांनी वापरावी? १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनसारख्या संस्था शक्यतो दुसरा मार्ग धरतात.

का, ते २०१४ साली दिसले. जगभरातील असंख्य संकेतस्थळांचा मजकूर गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत एक भगदाड सापडले. त्यातून परक्याला सर्व्हरच्या स्मृतीतील सांकेतिक शब्दसुद्धा वाचता येत. ७ एप्रिलला ही गोष्ट जाहीर झाली आणि त्याच दिवशी डेबियनने दुरुस्त पॅकेज दिले. ते बसवून चालू प्रोग्राम पुन्हा सुरू केले, की सामायिक प्रत वापरणारे सारे एकदम सावरले. ज्यांनी सदोष प्रत पोटात बाळगली होती, त्यांना मात्र एकेक हुडकून काढावे लागले.

पण सामायिकपणाला शिस्त लागते. तलावाचे पाणी सोडण्याचे दार कोणी न विचारता वर सरकवले, तर खालच्या बांध्या कोरड्या पडतील. लायब्ररीचेही तसेच आहे. म्हणून तिच्या नावाला आकडा जोडतात. आतली डागडुजी झाली तर आकडा तोच राहतो. जुन्या प्रोग्रामांशी असलेला करार मोडला तर आकडा बदलतो. ओपनएसएसएलच्या लायब्ररीचा आकडा असाच १.१ वरून ३ झाला. जुनी व नवी प्रत काही काळ शेजारी नांदू शकतात. आपल्याला कोणती लायब्ररी, कोणत्या आवृत्तीपासून पुढची लागते, हे प्रत्येक पॅकेजवर लिहिलेले असते. जुनी प्रत काढण्यापूर्वी तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम नवीवर पुन्हा बांधून घ्यावे लागतात. हे कंटाळवाणे काम करणाऱ्यांत स्वयंसेवक पुष्कळ आहेत.

स्वतंत्र प्रतीत सोय नाही असे नाही. घरच्या विहिरीला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. पण विहीर नासली, तर उपसणाराही एकटाच असतो.

उलट, तलाव सर्वांचा म्हणून पाळीवर माती टाकणारा कोणीच नाही, असेही घडते. २०१४ साली ज्या ओपनएसएसएलवर मोठमोठ्या कंपन्यांचा व्यवहार चालला होता, तिचे पूर्णवेळ काम पाहणारा माणूस जेमतेम एक होता! भगदाड पडल्यावर मग त्या कंपन्यांनी वर्गणी काढली. संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. वर्गणी संकटानंतर नव्हे, आधी गोळा करावी लागते. सामायिक म्हणजे बेवारस नव्हे. ज्याची बांधी भिजते, त्याने पाळीवर एक टोपली माती टाकलीच पाहिजे.