गरम आहे तोवर

आमच्या लेकीला पुण्यात नोकरी लागली आणि पहिला पगार झाल्या झाल्या तिचा फोन आला. "आई, शनिवार-रविवार तू आणि मोठी आई दोघीच या. बाबांना आणि मोठ्या बाबांना घर सांभाळू दे."

मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना अक्का म्हणते. चोवीस वर्षं आम्ही बार्शीला एकाच स्वयंपाकघरात वावरतोय. "दोघीच" हा शब्द ऐकून अक्कांनी आधी दोन दिवसांच्या चपात्यांचा हिशेब मांडला. शेवटी पिठाच्या डब्यावर झाकण ठेवून आम्ही सकाळची एसटी पकडली.

शनिवारी सारसबागेतला गणपती झाला, तुळशीबागेत खरेदी झाली. शनिवारी अक्का मारुतीचा उपवास धरतात, त्यामुळे 'पार्टी' रविवारी दुपारी ठरली. लेक आम्हाला कॅम्पात घेऊन गेली. म्हणाली, "आज स्टेक आणि सिझलर."

आत पाऊल टाकलं आणि नाकातोंडात धूरच गेला. वेटर लोक दोन्ही हातांनी लाकडी पाट धरून चालले होते. पाटावर लोखंडी तबक, त्यात सगळं चरचरतंय, मागे धुराचा लोट. अक्कांनी पदर तोंडाला लावला. "अगं, यांचा स्वयंपाक करपला की काय?"

लेकीने समजावून सांगितलं. स्टेक म्हणजे मांसाचा जाडसर सलग तुकडा. फोडी करायच्या नाहीत, तसाच तापल्या लोखंडावर दोन्ही बाजूंनी भाजायचा. परदेशात स्टेक म्हणजे बहुतेक वेळा गोमांसच. आपल्याकडे तो चिकनचा, माशाचा, अगदी पनीरचासुद्धा मिळतो. तो चरचरत्या तबकात भाज्या, बटाटा, भात यांच्यासोबत आणून ठेवला की झालं सिझलर. मुंबईत हा प्रकार साठच्या दशकात इराणी मंडळींनी सुरू केला आणि सत्तरच्या दशकात तो पुण्याच्या कॅम्पात आला. म्हणजे अक्का शाळेतसुद्धा जात नव्हत्या तेव्हापासून इथे हा धूर निघतोय!

मग वेटर आला. लेकीचं सांगून झालं. तो अक्कांकडे वळला. "मॅडम, तुम्हाला?"

"मला काही पण चालेल. हिच्यातलंच घेईन दोन घास."

मीही तेच म्हणणार होते, खोटं कशाला सांगू. पण लेक हसून म्हणाली, "मोठी आई, इथे ज्याचं तबक त्याच्यापुढे. तुला काय आवडतं ते सांग ना."

अक्का गप्प. मेन्यूकार्ड उलटं-सुलटं केलं. किंमत दिसली तशी पुटपुटल्या, "एवढ्यात पाऊण किलो मटण आलं असतं." वेटर बिचारा वही धरून उभा. शेवटी लेकीनेच तिघींसाठी चिकन स्टेक सांगितला.

तबकं आली. कागदी रुमाल आडवे धरून आम्ही तेलाचे शिंतोडे चुकवले. अक्कांचं लक्ष मात्र तबकाकडे. "हे तर बिडाचं दिसतंय. आपल्या तव्यासारखं. उशिरा तापतं, पण तापलं की लवकर निवत नाही." खालचा लाकडी पाट टेबल भाजू नये म्हणून आणि कोबीचं पान खालून करपू नये म्हणून, हे त्यांनी न विचारता ओळखलं. काटा-चमचा मात्र जमेना. वेटरला सांगून लेकीने तुकडे करून घेतले.

अक्का घास घेईनात. आमच्या ताटांत काय कमी-जास्त आहे ते बघत बसल्या. सवयच ती. लेक म्हणाली, "मोठी आई, गरम आहे तोवर खा. यात तेवढंच तर आहे." तेव्हा कुठे त्यांनी पहिला घास घेतला. जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं, नि हसायलाही लागल्या. म्हणाल्या, "असं चरचरीत कधी खाल्लंय मी? घरी सगळ्यांची पानं उठली की मग आपलं."

मैत्रिणींनो, हे तुमच्याही घरचंच ना? रविवारी मटण शिजतं. नळी पुरुषांच्या ताटात, मऊ तुकडे मुलांच्या. आपल्याला रस्सा आणि पातेल्याच्या तळाला लागलेला मसाला. बचत गटाच्या कामानिमित्त मी गावोगाव बायकांना हिमोग्लोबिनबद्दल सांगत फिरते. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय. पालेभाज्या खा, गूळ-शेंगदाणे खा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, हे मला तोंडपाठ आहे. पण तुम्हाला काय आवडतं, असं मी कुणालाच विचारलं नव्हतं.

परतीच्या एसटीत विचारलं. "अक्का, खरं सांगा, मटणातलं तुम्हाला काय आवडतं?"

बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. भिगवण मागे पडल्यावर म्हणाल्या, "काळीज. माहेरी वडील माझ्यासाठी वेगळं काढून ठेवायचे, चुलीवर भाजून द्यायचे. इथं भाऊजींना लागतं ना."

भाऊजी म्हणजे माझे यजमान. चोवीस वर्षं ते काळीज मीच त्यांच्या ताटात वाढत आले होते! आणि लोह म्हणाल, तर काळजात ते भरपूर असतं.

पुढच्या रविवारी मटण आलं. मी काळीज आधीच बाजूला काढलं आणि बिडाच्या तव्यावर मीठ-तिखट लावून परतलं. अक्का भाकरी थापत होत्या. बशी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर ठेवली. "पानं घेते आधी," म्हणाल्या. मी म्हटलं, "गरम आहे तोवर."

बाहेरून यजमानांनी आवाज दिला, "आज काळीज नाही का गं?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. पिठाच्या हातानेच एक तुकडा उचलून तोंडात टाकला, दोन तुकडे बशीत ठेवले आणि बशी माझ्याकडे सरकवली. "हे दे त्यांना. आणि सांग, आज एवढंच."