पुन्हा पोत गाठवूया

"लग्नाआधी मी पोत छान गाठवायची गं. आता सुईत दोरासुद्धा जात नाही," बैठकीत एक मावशी म्हणाल्या.

तायांनो, हात विसरत नाही. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसतं, म्हणून तर त्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात! डोळे तपासून चष्मा घ्या, दिवसाउजेडी कामाला बसा.

पहिली पोत हात बसण्यासाठी. दुसरीपासून हिशोब ठेवा. समजा मणी-दोरा 60 रुपये, दोन तासांची मजुरी 100. किंमत 160 च्या खाली नको. मजुरी धरली नाही, तर कष्ट फुकट जातात.

मध्य प्रदेशच्या जोधइया बाई बैगा यांनी सत्तरीच्या सुमारास चित्रं काढायला घेतली. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला तर काम आधीच येतं.

मावशींनी चष्मा आणलाय. पुढच्या बैठकीत पोत दाखवणार आहेत!