डॉ. खानोलकर : कुष्ठरोग संशोधन आणि शिष्यपरंपरा

कुष्ठरोग हा केवळ त्वचेचा रोग आहे, असा समज ग्रामीण भागात अद्यापि आढळतो. वस्तुतः त्याचा खरा आघात मज्जातंतूंवर होतो. त्वचेवरील चट्टा बधिर होतो. भाजल्याची वा कापल्याची जाणीव राहत नाही. दुर्लक्षित जखमा चिघळतात आणि हातापायांना विकृती येते. या रोगाचा प्रारंभ सूक्ष्मदर्शकाखाली शोधणाऱ्या संशोधकांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे नाव अग्रणी आहे.

लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्राची एम. डी. पदवी संपादन करून ते मुंबईस परतले. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले आणि पुढे टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा सांभाळली. कुष्ठरोगाच्या अगदी प्रारंभीच्या चट्ट्यांतील ऊतींचा त्यांचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. रोगजंतू आणि मज्जातंतू यांचा निकट संबंध त्यांनी त्यात विशद केला. विकृती दिसू लागल्यावर नव्हे, तर तिच्या पूर्वीच रोग ओळखला पाहिजे, हा या संशोधनातून मिळणारा बोध होय.

डॉ. खानोलकर यांनी संशोधक घडविण्यालाही तितकेच महत्त्व दिले. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच. डी. मिळविली. अमेरिकेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्या मायदेशी परतल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९५८ साली कुष्ठरुग्णाच्या ऊतींपासून एक जंतू वाढविण्यात आला. या कार्यात डॉ. बापट व डॉ. रणदिवे या तरुण संशोधकांसमवेत डॉ. खानोलकर स्वतः सहभागी होते. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘आयसीआरसी’ जंतू म्हणतात. त्यापासून पुढे प्रतिबंधक लस तयार झाली. दक्षिण भारतातील चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. तथापि ती सार्वत्रिक वापरात आली नाही. डॉ. रणदिवे यांनी उत्तरायुष्यात अकोले तालुक्यातील आदिवासी बालकांच्या आरोग्याचाही अभ्यास केला. गुरूचा वारसा अशा रीतीने प्रयोगशाळेतून खेड्यापर्यंत पोहोचला.

हा वारसा पुढे नेण्यास सूक्ष्मदर्शकच हवा असे नाही. बागलाण तालुक्यातील मोसम नदीकाठच्या नामपूरसारख्या बाजाराच्या गावी आसपासच्या खेड्यांतील लोकांची नित्य ये-जा असते. विद्यार्थ्याच्या अंगावर फिकट वा लालसर चट्टा दिसल्यास आणि तेथे स्पर्शाची जाणीव कमी असल्यास शिक्षकाने पालकांना विश्वासात घेऊन मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो व तो सहा ते बारा महिन्यांत पूर्ण होतो. उपचार सुरू होताच संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होत असल्याने रुग्णास घरापासून वा शाळेपासून दूर ठेवण्याचे कारण नाही. ही गोष्ट ग्रामसभेत समजावून सांगणे हे पंचायत सदस्यांचे कर्तव्य ठरते. वेळीच ओळखलेला एक चट्टा एका मुलाचे हात कायमचे वाचवू शकतो.